भूत हवं, पण घाबरवणारं नको!



एक प्रश्न विचारते. उत्तर अगदी खरं द्यायचं हं! सिनेमात अंधारा जिना आला, दार आपोआप करकरलं आणि मागचं संगीत हळूहळू चढायला लागलं, की तुम्ही काय करता? डोळे फाडून बघत बसता, की पटकन उशी तोंडासमोर धरता?

उशीवाल्यांनी हात वर करा. लाजायचं नाही, कारण सगळ्यांत पहिला हात माझा आहे! मी चौथीच्या वर्गाला शिकवते, वयाची तिशी ओलांडली आहे, तरी घरात भीतीदायक सिनेमा लागला की मला नेमकं स्वयंपाकघरात काहीतरी काम आठवतं. मी स्वतःला भित्री मात्र समजत नाही. अंधारात वीज गेली तर मेणबत्ती शोधायला मीच जाते. मला फक्त मुद्दाम घाबरून घ्यायला आवडत नाही. कुणाला कारलं आवडत नाही, कुणाला झोक्यात बसलं की गरगरतं, तसंच हे.

आता गंमत अशी, की मुद्दाम घाबरायचा एक अख्खा सणच आहे! तो आपल्याकडचा नाही. अमेरिकेत तो ३१ ऑक्टोबरला मोठ्या धूमधडाक्यात साजरा होतो. त्याचं नाव हॅलोविन. त्याचं मूळ आयर्लंडच्या आसपासच्या जुन्या सणात आहे. तिथले लोक सुगी संपून हिवाळा सुरू होताना 'साविन' नावाचा सण करत. त्या रात्री मेलेल्यांचे आत्मे फिरायला येतात अशी समजूत होती. पुढे १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती संतांचा दिवस ठरला आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी हे जुने रीतिरिवाज चालू राहिले. आयर्लंडमध्ये लोक सलगम कोरून दिवे करत. एकोणिसाव्या शतकात हजारो आयरिश कुटुंबं अमेरिकेत गेली. तिथे सलगमापेक्षा मोठा आणि कोरायला सोपा असा लाल भोपळा मिळाला. झालं! तेव्हापासून भोपळ्याला डोळे, नाक, दात कोरून आत दिवा लावायची पद्धत तिथे रुळली. मुलं भुताखेतांची सोंगं घेतात, घरोघर जातात आणि पिशवीभर गोळ्या-चॉकलेटं गोळा करतात.

माझी मावसबहीण न्यू जर्सीत राहते. तिची आठ वर्षांची मुलगी, म्हणजे माझी भाची, माझ्याच पंथातली. पक्की उशीवाली! तिला भोपळे कोरायला आवडतात, सोंग घ्यायला आवडतं, चॉकलेटं तर आवडतातच. पण ऑक्टोबर उजाडला, की तिकडे टीव्हीवर, दुकानांत, शेजारच्या अंगणात जिकडेतिकडे सांगाडे आणि कोळ्याची जाळी. २०२४ च्या ऑक्टोबरात तिचा फोन आला. आवाज अगदी बारीक झाला होता.

"मावशी, २६ तारखेला मैत्रिणीकडे रात्री राहायला बोलावलंय. सगळ्या मिळून हॅलोविनचा सिनेमा बघणार आहेत. मी नाही म्हटलं तर त्या मला बाळ म्हणतील. हो म्हटलं तर मला झोपच येणार नाही."

दोस्तांनो, हा प्रश्न साधा नाही बरं का! एका बाजूला मैत्रिणी आणि दुसऱ्या बाजूला रात्रभराची भीती. मोठी माणसं म्हणतात, "त्यात काय घाबरायचं?" पण जिला भीती वाटते तिची छाती खरोखरच धडधडत असते.

आम्ही दोघींनी एक बेत ठरवला. २६ तारखेपर्यंत चार शनिवार होते. ऑक्टोबरात तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. माझ्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजले, की तिच्याकडे सकाळचे दहा. दोघींनी एकाच वेळी सिनेमा लावायचा, फोनवर एकमेकींना दिसत राहायचं आणि जिला नको वाटेल तिने हात वर केला की सिनेमा थांबवायचा. सकाळी दहाच्या उन्हात भूत बघण्याचा एक फायदा असतो. सिनेमा संपल्यावर बाहेर जाऊन सायकल चालवता येते!

पहिल्या शनिवारी आम्ही निवडला 'इट्स द ग्रेट पम्पकिन, चार्ली ब्राऊन'. चार्ल्स शुल्झ यांच्या चित्रमालिकेवरचा हा कार्टूनपट अमेरिकेत टीव्हीवर पहिल्यांदा दाखवला २७ ऑक्टोबर १९६६ रोजी. जेमतेम पंचवीस मिनिटांचा आहे. लायनस नावाच्या मुलाची पक्की श्रद्धा असते, की हॅलोविनच्या रात्री भोपळ्याच्या मळ्यातून एक महाभोपळा वर येतो आणि मुलांना खेळणी देतो. सगळे त्याला हसतात. तो मात्र रात्रभर मळ्यात वाट बघतो. इकडे चार्ली ब्राऊनने पांघरलेल्या भुताच्या चादरीला इतकी भोकं पडलेली असतात, की विचारू नका! बाकीच्यांच्या पिशवीत चॉकलेटं पडतात आणि त्याच्या पिशवीत प्रत्येक घरी दगड! हे बघून त्या काळी कित्येक मुलांनी चार्ली ब्राऊनसाठी खरीखुरी चॉकलेटं टपालाने पाठवली होती म्हणे.

यात घाबरण्यासारखं काही नाही. पण माझी भाची एका जागी गप्प झाली. लायनसची मोठी बहीण ल्यूसी दिवसभर त्याच्यावर खेकसत असते. तीच पहाटे चार वाजता उठते, भावाचं अंथरूण रिकामं बघते, थंडीत मळ्यात जाते, कुडकुडणाऱ्या भावाला हाताला धरून घरी आणते, त्याचे बूट काढते आणि त्याला पांघरूण घालते. एक शब्द न बोलता! भाची म्हणाली, "मावशी, भोपळा आलाच नाही, पण ताई आली."

दुसरा शनिवार होता १२ ऑक्टोबर, म्हणजे आपला दसरा. माझ्या दारावर झेंडूचं तोरण होतं. त्या दिवशी आम्ही बघितला २०१७ सालचा 'कोको'. हा हॅलोविनचा सिनेमा नव्हे, तर त्याच्या शेजारच्या सणाचा आहे. मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला आपल्या मृत माणसांची आठवण काढतात. घरात त्यांचे फोटो मांडतात, आवडीचे पदार्थ ठेवतात आणि त्यांना वाट दिसावी म्हणून झेंडूच्या पाकळ्या पसरतात. सिनेमातला बारा वर्षांचा मिगेल चुकून मृतांच्या नगरीत जातो. तिथे सगळे सांगाडेच! पण हे सांगाडे गातात, भांडतात आणि नातवंडांची चौकशी करतात. जिवंत माणसांनी आपल्याला विसरू नये एवढंच त्यांचं मागणं असतं.

"बघ, तुझ्या दारावर पण तीच फुलं आहेत!" भाची ओरडली. खरंच की! आपला झेंडू मुळात मेक्सिकोचाच. तिथून जगभर फिरत तो आपल्या तोरणात येऊन बसला. दहाच दिवसांपूर्वी आपल्याकडे सर्वपित्री अमावास्या झाली होती. आपणही त्या दिवशी आजी-पणजीच्या आवडीचं पानात वाढतो, नाही का? मी हे सांगितल्यावर भाचीने विचारलं, "मग सांगाडा म्हणजे कुणाची तरी पणजीच ना?" त्या दिवसापासून शेजारच्या अंगणातल्या प्लास्टिकच्या सांगाड्याला ती 'पणजी' म्हणायला लागली!

तिसऱ्या शनिवारी मात्र हात वर झाला. आम्ही १९९३ सालचा 'द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस' लावला होता. हॅलोविन नगरीचा राजा जॅक हा सांगाडा ख्रिसमसच्या प्रेमात पडतो, अशी त्याची गोष्ट. पण त्यात किड्यांनी भरलेल्या गोणपाटाचा एक खलनायक आहे. तो आला आणि भाचीने हात वर केला. मलाही तेच हवं होतं, हे तुम्हांला म्हणून सांगते!

आम्ही सिनेमा थांबवला आणि तो कसा तयार झाला ते शोधून वाचलं. दोस्तांनो, त्यातली सगळी पात्रं म्हणजे बाहुल्या आहेत. बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा केसभर हलवायची, पुन्हा फोटो. पडद्यावरच्या एका सेकंदासाठी अशा २४ चौकटी लागतात. सिनेमा साधारण सव्वा तासाचा. आता करा बरं गुणाकार! ७५ मिनिटं गुणिले ६० सेकंद गुणिले २४. उत्तर एक लाख आठ हजार! दिग्दर्शक हेन्री सेलिक आणि त्यांच्या माणसांना हे करायला तीनेक वर्षं लागली. एकट्या जॅकची वेगवेगळ्या हावभावांची चारशेच्या आसपास डोकी बनवली होती. हसरं डोकं, रडकं डोकं, चकित झालेलं डोकं. हवं ते उचलायचं आणि मानेवर बसवायचं!

मग आम्ही एक प्रयोग केला. तो तुम्हीही करून बघा. ज्या प्रसंगाला घाबरलो तोच पुन्हा लावला, पण आवाज पूर्ण बंद करून. काय झालं असेल? भीती अर्ध्यावर आली! गोणपाट नुसतंच हातवारे करत होतं. पडद्यावरची बरीचशी भीती कानातून आत शिरते. चढत जाणारं संगीत, मध्येच शांतता आणि एकदम 'धाड!' ही सगळी कारागिरी आहे. आपल्या मेंदूत बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग असतो. त्याचं नाव अमिग्डाला. धोका वाटला, की तो घंटा वाजवतो. लगेच मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या ग्रंथींतून अ‍ॅड्रेनलिन नावाचं द्रव्य रक्तात उतरतं, छाती धडधडते, तळहात ओले होतात. पडद्यावरचा राक्षस खोटा आहे हे आपल्याला ठाऊक असतं, पण घंटा वाजून गेलेली असते. कुणाची घंटा हलक्या धक्क्याने वाजते, कुणाची जोराच्या. यात शूर कोण आणि भित्रा कोण हा प्रश्नच येत नाही.

चौथ्या शनिवारी, २६ तारखेच्या सकाळी, आम्ही 'मॉन्स्टर्स, इंक.' बघितला. पिक्सार कंपनीने २००१ साली काढलेला हा सिनेमाही हॅलोविनचा नाही, पण उशीवाल्यांनी बघायलाच हवा. राक्षसांच्या एका शहरात वीज बनते लहान मुलांच्या किंकाळ्यांतून! म्हणून राक्षस रोज कामावर जातात, कपाटाच्या दारातून मुलांच्या खोलीत शिरतात आणि त्यांना घाबरवतात. गंमत म्हणजे ते स्वतःच मुलांना टरकून असतात. एकदा एक चिमुरडी दारातून त्यांच्याकडे येते आणि तिला त्यांची भीतीच वाटत नाही. शेवटी कळतं, की मुलांच्या हसण्यातून किंकाळीच्या दहापट वीज मिळते. मग सगळा कारखानाच बदलतो! यातल्या सली या निळ्या राक्षसाच्या अंगावर संगणकाने तेवीस लाखांहून जास्त केस उगवले आहेत. भाची म्हणाली, "एवढे केस विंचरायचे म्हणजे त्यालाच भीती वाटत असेल!"

राक्षसाला हसवायचं बनवण्याची ही युक्ती आपल्याकडेही जुनीच आहे बरं का. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यातली चिंची चेटकीण तुमच्या आई-बाबांना विचारा. ती दिलीप प्रभावळकरांनी गाजवली. २०१८ साली नाटक पुन्हा रंगमंचावर आलं, तेव्हा वैभव मांगले चेटकीण झाले. चेटकीण समोर आहे आणि नाट्यगृहातली मुलं मात्र खुर्चीवर उभी राहून खदखदून हसताहेत!

आणि २६ तारखेच्या रात्रीचं काय झालं? रविवारी सकाळीच मावसबहिणीचा फोन आला. मैत्रिणीच्या मोठ्या भावाने खरोखरच एक भयंकर सिनेमा निवडून ठेवला होता. भाचीने पिशवीतून 'चार्ली ब्राऊन' काढून दिला. तो आधी लावला. सगळ्या हसल्या. मग दादाचा सिनेमा सुरू झाला. पाच मिनिटांतच संगीत चढायला लागलं. भाची उठून उभी राहिली आणि म्हणाली, "मला भीतीचं आवडत नाही. मी हा बघणार नाही." दादा हसला. एक मैत्रीण 'बाळ' असं म्हणालीसुद्धा. पण भाची स्वयंपाकघरात गेली. तिथे मैत्रिणीची आई कोरलेल्या भोपळ्याच्या बिया मीठ लावून भट्टीत भाजत होती. थोड्या वेळाने आणखी एक मुलगी तिथे आली. "मला पण तो नको होता," ती म्हणाली, "पण मी सांगितलं नाही." दोघींनी मिळून वाटीभर बिया फस्त केल्या. रात्री छान झोप लागली.

'बाळ' म्हटलेलं तिला लागलं नाही का? लागलं. फोनवर सांगताना तिचा आवाज जरासा ओला होता. तरी पुढच्या वर्षीसाठी तिने यादी मात्र मागून घेतली.

तीच यादी तुम्हांलाही देते. 'कॅस्पर' (१९९५) मध्ये एका प्रेमळ छोट्या भुताला मैत्रीण हवी असते. मुख्य पात्र पूर्णपणे संगणकावर बनवलेलं असा हा पहिला मोठा चित्रपट. भुतापेक्षा यात रडूच जास्त येईल, कारण कॅस्पर भूत कसा झाला ते त्यात कळतं. आईविना वाढणारी मुलगीही त्यात आहे. 'ई.टी.' (१९८२) मध्ये परग्रहावरच्या पाहुण्याला लपवून बाहेर न्यायचं असतं. मुलं हॅलोविनचा मुहूर्त साधतात आणि त्याला चादर पांघरून भूत बनवतात! सगळेच सोंगात, कोण ओळखणार? मात्र उत्तरार्धात पाहुणा आजारी पडतो तेव्हा मोठं माणूस शेजारी असू द्या. आणि 'वॉलेस अँड ग्रोमिट : द कर्स ऑफ द वेअर-रॅबिट' (२००५) मधला राक्षस म्हणजे एक अवाढव्य ससा. तो माणसं खात नाही, लोकांनी स्पर्धेसाठी वाढवलेल्या भाज्या खातो! मातीसारख्या प्लॅस्टिसिनच्या बाहुल्यांचा हा ब्रिटिश सिनेमा. नीट बघितलंत तर बाहुल्यांच्या गालांवर कारागिरांच्या बोटांचे ठसे दिसतील. त्याला ऑस्करही मिळालं आहे.

आता आई-बाबांसाठी चार ओळी. मुलाची भीती घालवायची म्हणून त्याला बळेच भीतीचा सिनेमा दाखवू नका. पोहायला शिकवताना आपण मुलाला थेट खोल विहिरीत ढकलत नाही, आधी पायरीवर बसवतो. सिनेमाचंही तसंच. आधी आपण एकट्याने बघा. प्रमाणपत्रावर नजर टाका. आपल्याकडे २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर 'यू-ए' मध्ये ७, १३ आणि १६ वर्षांच्या वेगळ्या पायऱ्या केल्या आहेत. पण प्रमाणपत्र वय सांगतं, तुमच्या मुलाचा स्वभाव सांगत नाही. तो तुम्हांलाच माहीत. आणि मूल 'बंद कर' म्हणालं, तर 'आता संपतंच आहे' असं म्हणू नका. लगेच बंद करा. बंद करता येतं हे कळलं, की पुढच्या वेळी ते आपणहून दोन मिनिटं जास्त बघतं.

आणि दोस्तांनो, तुमच्यातल्या शूरवीरांनाही सांगायचं आहे. तुम्हांला भुताच्या गोष्टी आवडतात ना? जरूर ऐका, सांगा, रंगवून सांगा! माझ्या वर्गात लहान सुट्टीत पिंपळावरच्या मुंजाची गोष्ट रोज नव्याने रंगते. पूर्वी ती ऐकून एक-दोन मुलं दुपारभर एकटी पाणी प्यायलाही जात नसत. म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून एक नियम केला. गोष्ट सुरू करण्याआधी सांगणाऱ्याने विचारायचं, "भुताची आहे, कोण ऐकणार?" ज्याला नको असेल त्याने खुशाल उठून जायचं आणि त्याला कुणी हसायचं नाही.

पहिल्या दिवशी सहा मुलं उठून गेली. त्यांनी पलीकडे लगोरी मांडली. आता कधी कधी मुंजाची गोष्ट अर्ध्यावर टाकून बाकीचेही लगोरी खेळायला पळतात, आणि बिचारा मुंजा पिंपळावर एकटाच बसून राहतो!